सत्यशीलाबाईंचा उपोसथ

राळेगाव तालुक्यातल्या त्या गावात सत्यशीलाबाईंच्या उपोसथाचं, म्हणजे बौद्ध उपासाचं, भारी कौतुक. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, बुद्धविहारात संध्याकाळी ग्रंथवाचन चाले आणि पांढरी साडी नेसून वाचायला बाईच बसत. पौर्णिमेला दुपारनंतर न जेवणारे बरेच होते, पण बाई रोजच तसं करतात म्हटल्यावर बायका नुसत्या बघत राहत. खरं कारण कोणाला ठाऊक! बाई शौचाला घाबरत होत्या. पोटात गेलंच नाही तर सकाळी जावं लागणार नाही, हे त्यांचं शहाणपण. ते साफ उलटं पडलं. खाणं नाही, पाणी नाही, त्यामुळे शौचाला खडा होई आणि गुदद्वाराला पडलेली चीर रोज नव्याने उले. संडासाच्या दारातून बाई दोन-दोनदा परत फिरत.

शेवटी सूनबाई प्रियंकाने दाराबाहेरून कण्हणं ऐकलं आणि सासूला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. मलम झालं, कोमट पाण्यात बसणं झालं, इसबगोल झालं. महिने उलटले, चीर भरली नाही.

"तिथला स्नायू सारखा आवळलेला राहतो, म्हणून जखम भरत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशनमध्ये तो थोडा कापतात. बहुतेकांना बरं वाटतं. पण काही जणांचा हवेवरचा, शौचावरचा ताबा सुटतो, कधीकधी कायमचा. नाहीतर इंजेक्शनने हाच स्नायू दोन-तीन महिने सैल पडतो. तेवढ्यात ताबा थोडा ढिला झाला तरी पुन्हा येतो. पण चीर भरेलच असं नाही, भरली तरी परत होऊ शकते."

"एकदाच काय ते करून टाका," बाई म्हणाल्या.

"बाळंतपणात फाटलं होतं का, मावशी? हवा रोखता येत नव्हती, असं कधी?"

शेजारी प्रियंका बसलेली. बाईंनी "नाही" म्हणून टाकलं.

ते धडधडीत खोटं होतं. थोरल्याच्या वेळी घरीच बाळंतपण झालं, फाटलं, आणि पुढे कितीतरी महिने चारचौघांत बसायची चोरी झाली होती. नवऱ्यालाही त्यांनी कळू दिलं नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी हिरवा झगा घालून त्या टेबलावर आडव्या झाल्या आणि अंगाला दरदरून घाम फुटला. भरलं विहार दिसायला लागलं. आपण वाचतोय, आणि खालची पांढरी साडी... पुढचं त्यांच्याने बघवेना.

"थांबा!" त्या ओरडल्याच. "मी खोटं बोलली. फाटलं होतं मले!"

डॉक्टरीणबाई हातमोजे घालता घालता थांबल्या. सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं बोललात. आधीच दुखावलेला स्नायू मी आणखी कापला असता. आज इंजेक्शनच देऊ."

"पण बरी होईन ना मी?"

"खात्री देत नाही, मावशी. नाही भरलं तर पुन्हा बघू."

दुपारी इंजेक्शन घेऊन खाटेवर पडल्या पडल्या बाईंनी सुनेला सगळं सांगितलं. भीती गेली नव्हतीच. आता ती इंजेक्शनने गुण येईल की नाही याची झाली होती. प्रियंका रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती खाली मान घालून चादरीची घडी मोडत राहिली.

"मलेबी तसंच होते, आई," ती हळूच म्हणाली. "पोरगी झाली तवापासून. हवा सुटन म्हणून हासाचंबी भेव वाटते मले."

स्वतःसाठी सत्यशीलाबाई इतक्या कधी घाबरल्या नव्हत्या. दुखतं अंग सावरत त्या उठून बसल्या.

"चाल," त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई गेल्या नसतीन अजून. लाज वाटली तं मी सांगतो तुह्यावाली गोष्ट."