हिरवी कालवे

१९३४ सालच्या शिमग्याआधीच्या रविवारी खाडीकाठच्या आमच्या गावात तीन घरांतली नऊ माणसे कालवे खाऊन आजारी पडली. तासाभरात उलट्या सुरू झाल्या, मग पोटात मुरडा. दगावले कोणी नाही. आजाऱ्यांत माझी आई होती. मी मुंबईहून रजेवर आलो होतो. मी कालवे खात नसे.

तिन्ही घरांनी ती एकाच कोळणीकडून घेतली होती. बाई विधवा. खडकावरून शिंपल्यातली कालवे काढायची आणि बोर्ली पंचतनच्या बाजारात विकायची, यापलीकडे तिला उत्पन्न नव्हते. शिमग्याच्या आठवड्यात सगळ्यांत जास्त खप. सोमवारी सकाळी तिच्या दारापुढे माणसे जमली.

"जित्ती उघडून दिली मी," ती म्हणाली. "मेलेलं एक पन न्हाय दिलं."

"जित्तीच व्हती गो," आजाऱ्यांपैकी एक म्हातारा म्हणाला. "पोटात गेली तरी नाचत व्हती."

लोक हसले. ती हसली नाही. हिच्याकडून यापुढे काही घेऊ नका, बोर्लीलाही कळवा, असे दोघातिघांनी सांगितले.

सणाआधी दरवर्षी येणारा कल्हईवाला शेजारच्या अंगणात भाता लावून बसला होता. तो उठून आला. टोपलीत उरलेले एक कालव उघडून त्याने जिभेला लावले आणि थुंकला.

"कळकलंय हे. हिरवी कवापासून झाली, बाय?"

"महिना झाला. शेवाळ खाऊन. जाडबी झाली, म्हणून तर शिमग्याला राखली, चाचा."

"शेवाळानं जीभ आवळत न्हाय."

कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवले की कळकते, हे जमलेल्या प्रत्येक बाईला माहीत होते. पण ही कालवे भांड्यात ठेवलेलीच नव्हती. कल्हईवाल्याने एक कालव लिंबाच्या रसात कुस्करले, त्यात घासून पांढरी केलेली लोखंडी सुई खोचली आणि आपल्या कामाला गेला. घटकाभराने सुई काढली. तिच्यावर तांब्याचा पातळ थर चढून ती तांबूस झाली होती. धक्क्यापासून लांब, खाडीबाहेरच्या खडकावरचे कालव आणवून त्याने तसेच केले. ती सुई पांढरीच राहिली.

कारण धक्क्याजवळ होते. लहान कालवे दगडासकट उचलून आणून ही बाई दगडांनी बांधलेल्या एका डबक्यात वाढवी. ओहोटीतही तिथे पाणी राही. त्याच्या वरच्या अंगाला त्या हिवाळ्यात एका व्यापाऱ्याचे जुने गलबत मोडायला काढले होते. बुडाचे तांब्याचे पत्रे उचकटून भरतीच्या रेषेत रचून ठेवले होते आणि त्यांचा हिरवा कीट धुपून खाली येत होता. तिने तो पाहिला होता. ज्या पाण्यात कालव मरत नाही ते पाणी चांगले, असे ती समजत होती. तिच्या आईनेही पाणी तसेच पारखले होते.

कालव दिवसभर पाणी आत घेते, त्यातले अन्न गाळून ठेवते आणि पाणी सोडून देते. पाण्यात तांबे असले तर तेही मांसात साचते. कालव मरत नाही, हिरवे पडते. हे मी पुढे मुंबईत एका रसायनाच्या शिक्षकाकडून ऐकले. कल्हईवाल्याने त्या दिवशी एवढेच सांगितले, "पत्र्याचं पानी कालवानं प्यालं, कालव तुमी खाल्लं. बाईनं काय इख न्हाय घातलं."

म्हातारा म्हणाला, "न्हाय घातलं. पर खाल्लं आमी."

व्यापाऱ्याच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी पत्रे उचलले. बाईने डबके मोकळे केले आणि त्यातली सगळी कालवे खड्डा करून पुरली. सणाआधीच्या शेवटच्या बाजाराला तिने बाहेरच्या खडकावरची दोन टोपल्या कालवे बोर्लीला नेली. निरोप तिच्याआधी पोचला होता. एक टोपली खपली, एक परत आली. आमच्या गावात त्या वर्षी तिच्याकडून कोणी कालवे घेतली नाहीत.