गळ घेऊन समुद्रावर

विहिरीत पडलेली वस्तू वर कशी काढायची, हे आमच्या भागात माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं. ही फुशारकी नाही, तो माझा धंदाच होता. बहात्तरच्या दुष्काळात मी दुसऱ्यांच्या विहिरींवर सुरुंगाची भोकं पाडायला रोजानं जात होतो. पुढच्या तीन-चार वर्षांत विहिरीतला मुरूम वर ओढायची यारी स्वतःची झाली, हाताखाली चार माणसं आली, आणि ढोकीपासून तामलवाडीपर्यंत लोक मला नावानं ओळखू लागले. भांडखोर म्हणूनही ओळखायचे. ओळखू देत. गोड बोलून कुणी मला काही दिलेलं नाही.

खोदाईबरोबर दुसरं काम आपोआप चिकटलं. कुणाची बादली पडली, पंपाचा पाइप निसटला, नाहीतर कुणी माणूस बुडाला, की माझ्या दारात सायकल यायची. माझ्याकडं आठ आकड्यांचा लोखंडी गळ होता, लोहाराच्या डोक्यावर बसून घडवून घेतलेला. पाण्याचे नियम मला पाठ होते. जड वस्तू पडते तिथंच तळाला जाते. बुडालेला माणूस बुडाला तिथंच वर येतो, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आणि थंडीत तिसऱ्या-चौथ्या. घरची माणसं रडतात, इकडं बघा, तिकडं बघा म्हणतात. त्यांचं ऐकायचं नाही. जागा सोडायची नाही.

माझा धाकटा भाऊ साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. हंगामी. कायम होण्याची वाट बघून तो कंटाळला आणि आखाताची नोकरी मिळवून त्यानं मुंबईहून विमान धरलं. ते विमान उडाल्यावर थोड्याच वेळात समुद्रात पडलं. थंडीचे दिवस होते. सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात रेडिओवर बातमी ऐकली, तेव्हा मी चहा पीत होतो, आणि खरं सांगायचं तर तो चहा मी संपवला. दुपारी कारखान्याच्या ऑफिसातला कारकून सायकलवर आला. मुंबईहून फोन आला होता. यादीत नाव होतं.

मायनं आरडाओरडा केला नाही. लगीन न झालेलं पोरगं गेलं होतं, शेंडेफळ. ती उंबऱ्यावर बसून होती. मी पिशवी भरत होतो ते बघून म्हणाली, "आन त्याला. पान्यात ठिवू नगंस."

"आनतो, माय."

पिशवीत एक धोतर, भाकरी, आणि तो गळ. दोन सोल, म्हणजे विहिरीचे जाड दोर, खांद्यावर. कुर्डुवाडीला गाडीत चढताना तिकीट तपासनीसानं विचारलं, "हे कशाला?" मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही.

मुंबईत विमान कंपनीनं एका मोठ्या शेडमध्ये नातेवाइकांना बसवलं होतं. खुर्च्या होत्या, पाणी होतं, आणि दर तासाला एक माणूस येऊन सांगायचा की शोध चालू आहे. नौदलाची जहाजं लागली आहेत, थांबा. लोक थांबले होते. मी अर्धा तास थांबलो. मग विचारत विचारत एका कोळीवाड्यात गेलो.

एक पन्नाशीचा माणूस नावेला टेकून जाळ्याची गाठ सोडवत होता. लोक त्याला नाखवा म्हणत होते.

"नाव पाहिजे. दिवसाचं काय घेणार?" मी विचारलं.

वर न बघता तो म्हणाला, "कोन होता तुमचा?"

"भाऊ. धाकटा."

"चला."

"भाडं सांगा आधी."

"काय ते द्या. नंतर बघू."

"नंतर बघू म्हणनाऱ्यानं मला आजवर तीनदा गाडलंय, नाखवा. आत्ता बोला."

तो जाळ्याची गाठच सोडवत राहिला. जो माणूस किंमत सांगत नाही तो सगळ्यात महाग पडतो, हे मी बैलबाजारात शिकलो होतो. शेवटी आकडा मीच काढला, आणि अटही मीच घातली. नाव मी सांगेन तिथं उभी राहील. त्याच्या मनानं इकडंतिकडं फिरवून डिझेल जाळायचं नाही.

आता त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुमी बोलाल तिथं," तो म्हणाला.

"ठरलं?"

"ठरलं."

मी हात पुढं केला, त्यानं हातात हात दिला. सौदा माझ्या मनासारखा झाला होता.

विमान पडताना नाखव्याच्या शेजाऱ्यानं बघितलं होतं. किनाऱ्यावरचा एक मनोरा आणि मागची एक टेकडी एका रेषेत आली की ती जागा, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. नाखव्यानं बरोबर तिथं नाव आणली. पाण्यावर रॉकेलसारख्या तेलाचा तवंग होता. लांबवर नौदलाचं करडं जहाज उभं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होतो, पण बघायला वेळ नव्हता. गळ सोडला.

मला वाटलं होतं दोन्ही सोल जोडले तरी पुरायचे नाहीत. एक सोल पुरा सुटायच्या आत गळ तळाला टेकला. आमच्याकडं सत्तर-सत्तर फुटांवर खडक फोडून ओंजळभर पाणी लागतं, आणि इथं समुद्राचा तळ माझ्या कितीतरी विहिरींपेक्षा जवळ निघाला. मला हायसं वाटलं. म्हटलं, ही तर आपलीच विहीर आहे, फक्त कठडा नाही.

त्या दिवशी गळाला चिखल आला, फाटकं जाळं आलं, आणि संध्याकाळच्या आधी ताटाएवढा एक चकचकीत पत्रा आला. कडेला बारीक रिव्हेटांची ओळ होती. पत्रा इतका हलका होता की हातात घेतल्यावर मला भीती वाटली. असल्या पत्र्यात बसवून माणसं नेतात? नाखव्यानं तो माझ्या हातातून घेऊन आपल्या गमछ्यात गुंडाळला आणि नौदलाच्या बोटीवर नेऊन दिला. मला मात्र पक्की खात्री पटली. विमान इथंच आहे. म्हणजे तो इथंच वर येणार.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही त्याच जागी होतो. मी नांगर टाकायला लावला. दुपारपर्यंत गळाला एक पातळ पांघरूण आलं, बाकी काही नाही. मग एक चप्पल दिसली. पुरुषाची, डाव्या पायाची, पट्टा शाबूत. ती आमच्या नावेच्या बाजूनं गेली. गेली म्हणजे तरंगत डुलत नाही. कामावर निघालेल्या माणसासारखी सरळ, एका दिशेनं. तिच्या मागं थर्मासचं झाकण गेलं. त्याच दिशेनं.

नाखवा ते बघत होता. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "शेठ, पानी थांबत नाय. सुकतीला सगला खाली जातंय. आपन खाली जाऊ."

सुकती म्हणजे ओहोटी आणि खाली म्हणजे दक्षिणेला, एवढं मला तोवर कळत होतं. पण मी चप्पल बघत नव्हतो, समोरचा माणूस बघत होतो. म्हटलं, आला हा भाडं वाढवायच्या वाटेवर.

"काय ठरलंय आपलं?" मी म्हणालो.

तो खाली बसला, किटलीतला चहा पेल्यात ओतला आणि पेला माझ्यापुढं धरला. त्यावर तो दिवसभर एक शब्द बोलला नाही. संध्याकाळपर्यंत नाव तिथंच उभी होती.

आता माझी तक्रार लिहितो. ती मी कुणाला सांगितलेली नाही. आमच्याकडं खऱ्या मनाचा माणूस एक गोष्ट तीनदा सांगतो. बैल मारका आहे हे एकदा सांगितलं तर तो दर पाडायचा डाव असतो. दुसऱ्यांदा सांगितलं तर विचार करायचा. तिसऱ्यांदा अंगावर येऊन सांगितलं, शिव्या दिल्या, तर खरं. मी भांडणारा माणूस आहे, माझ्याशी भांडावं लागतं. तो समुद्रात जन्मलेला, मी पहिल्यांदा आलेला. त्याला ठाऊक होतं आणि मला ठाऊक नव्हतं. ठरलंय म्हणून गप्प बसायचं? माझी गचांडी धरायची होती. नांगर उपसून मला नावेत खाली लोटायचं होतं. त्यानं एकदा सांगितलं आणि चहा दिला.

त्याच संध्याकाळी, मी मनोरा आणि टेकडी एका रेषेत धरून उभा होतो तेव्हा, खाली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या वाळूवर एक माणूस लागला. ही बातमी मला दोन दिवसांनी कळली. शेडमधल्या खुर्च्यांवर बसलेल्यांना माझ्या आधी कळली होती. लाँचनं, मग एसटीनं, मग चालत मी तिथं पोचलो. पोलीस चौकीत एकच हवालदार होता. भला माणूस. त्यानं मला बसवलं आणि सांगितलं की अंगाची दशा अशी होती की ठेवता येईना. वरून परवानगी आणली, पंचनामा केला, आणि गावकऱ्यांनी वाळूवरच अग्नी दिला. लाकडं गावानं घातली.

"काही खूण?" मी विचारलं.

"कपडे न्हवते. हातावर भाजल्याचे डाग होते, कोपराच्या खाली. बारीक बारीक. ठिणग्या उडाल्यावानी."

भावाच्या हातावर तसेच डाग होते, वेल्डिंगचे. उजव्या हातावर.

"कोनत्या हातावर?"

त्यानं आपला डावा हात वर केला, मग उजवा. "हा. न्हाय, थांबा. मी समोर उभा होतो ना. त्याचा उजवा म्हंजी माझ्या डावीकडं."

"मग उजवा का?"

"असंल. डावाबी असंल, दादा. खोटं कशाला सांगू."

पंचनाम्यात नुसतं लिहिलं होतं, हातावर भाजल्याच्या खुणा. कोणत्या हातावर ते नव्हतं. मी त्याला नको नको ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं. मग मला ती जागा दाखवायला घेऊन गेला. वाळू सपाट होती, ओली होती. दोन भरत्या येऊन गेल्या होत्या. एका ठिकाणी जरा काळपट वाटत होतं, पण ते मलाच वाटत असेल. मी मूठभर वाळू उचलली आणि पुन्हा टाकून दिली. कुणाची म्हणून न्यायची?

घरी आलो तेव्हा माय त्याच उंबऱ्यावर होती. शेजारपाजारचे जमले.

"घावला का?"

"घावला."

"कुठं?"

या प्रश्नाला मी तयार नव्हतो. तोंडातून निघून गेलं, "म्या नाव उभी केली तिथंच. तिसऱ्या दिशी वर आला."

"वळखू आला?"

"आला. अग्नी देऊन आलो."

"मंग झालं," माय म्हणाली. त्या दिवशी तिनं अर्धी भाकरी खाल्ली, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

तिला खोटं सांगितलं याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की खोटं सांगायचंच होतं तर कुठलंही चाललं असतं, आणि मी ते निवडलं ज्यात माझं बरोबर ठरत होतं. गोष्ट पसरली. यानं समुद्रातून भाऊ काढला, असं लोक सांगू लागले. बोलावणी वाढली. मी जात राहिलो. विहिरीच्या काठावर उभं राहून गळ सोडायच्या आधी मी पाण्यावरचा एखादा पाला-कचरा बघत बसायचो. तो सरकतोय का. विहिरीत काही सरकत नाही. लोकांना वाटायचं मी मंत्र म्हणतोय.

सात-आठ वर्षांनी इंजिनाचे पार्ट आणायला मुंबईला जायचं निघालं. कुर्डुवाडीपासून मनात वाक्यं जुळवत होतो. नाखवा, तुम्ही दुसऱ्यांदा का नाही सांगितलं? तिथून सुरुवात करायची आणि मग सोडायचं नाही.

कोळीवाडा बदलला होता, पण घर सापडलं. तो ओट्यावर बसला होता, डोक्यावर एक काळा केस नव्हता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "गलवाले शेठ ना तुमी?"

"व्हय."

तो उठून उभा राहिला. "एक सांगा आधी. तुमचा मानूस मिलला का?"

इतकी वर्षं जे वाक्य सगळ्यांना सांगत आलो, तेच तोंडात बसलेलं होतं. "मिळाला," मी म्हणालो.

"कुठे?"

"तिथंच. आपन उभे होतो तिथं."

तो हळूच खाली बसला. भिंतीला पाठ लावली. मग आत बघून बायकोला हाक मारली, "अगो, ऐकलास? तो मिलला होता. तिथेच मिलला." आणि मला म्हणाला, "मना झोप नवती, शेठ. वाटायचा, मी जोर करायला होता. तुमाला ओढून न्यायला होता खाली. बायको साक्षीला हाय, किती वेला बोललो असेन. मंग मीच चुकलो होतो."

समोरचा चुकलो म्हणाला की मी कधी तिथं थांबलेलो नाही. त्याच्याकडून दोन पावलं पुढचं मागून घेतलेलं आहे. भांडायला म्हणून चारशे किलोमीटर आलो होतो. कुर्डुवाडीपासून जुळवलेलं एकही वाक्य आता या माणसाला बोलता येत नव्हतं. आणि खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, तेही मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"असू द्या," मी म्हणालो.

त्याच्या बायकोनं चहा आणला. ती म्हणाली, थांबा, जेवून जा, बांगडे आहेत. ओट्यासमोर सुकती लागली होती. पाणी निघून चाललं होतं आणि नावा एक एक करून चिखलात कलंडत होत्या. मी बसल्या जागी फिरलो, त्या बाजूला पाठ केली आणि चहा प्यालो.