खालच्या पट्टीतल्या साबेराभाभी

यासीनभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी नांदेडला लेकीकडे होते. दुपारी त्यांच्या मुलाचा, इरफानचा फोन आला. "बाई, अब्बा गेले," एवढंच तो बोलला. मिळेल ती एसटी पकडली, पण निलंग्याला उतरेपर्यंत दफन होऊन माणसं परतली होती. इतक्या वर्षांचा शेजार, शेवटचं तोंडही दिसलं नाही...

आमच्या दोन घरांत एकच भिंत. मी शाळेत शिक्षिका, यासीनभाई गावातल्या थिएटरात सिनेमा चालवणारे ऑपरेटर. त्यांची बायको साबेराभाभी माझी जिवाभावाची मैत्रीण. यासीनभाईंना वेड एकाच गोष्टीचं होतं. चित्र ज्या मापात काढलंय त्याच मापात पडद्यावर पडलं पाहिजे. जुना सिनेमा चौकोनी असला की पडद्याच्या दोन्ही बाजूंचं काळं कापड आत ओढायचे, रुंद असला की भिंग बदलून ते कापड बाहेर सारायचे. मध्यंतरानंतर खाली येऊन, कुणाचं डोकं कापलं जात नाही ना, हे पहिल्या रांगेतून बघून जायचे. पुढे थिएटर बंद पडलं, तिथं मंगल कार्यालय झालं, आणि घरोघरी भिंतीवर रुंद टीव्ही आले. त्यांच्यावर जुने चौकोनी सिनेमे लोक ताणून बघू लागले. एकदा आमच्याकडे चहाला आले असताना ते टीव्हीकडे बघून कासावीस झाले. "बाई, ही बाई अशी चपटी नव्हती हो. लई नाजूक होती." रिमोट मागून घेऊन त्यांनी चित्र मधोमध आणलं, तशा दोन्हीकडे काळ्या पट्ट्या आल्या. माझे यजमान म्हणाले, "अर्धा टीव्ही रिकामाच राहिला की!" "राहू द्या साहेब. माणूस माणसावानी दिसायलाय ना." ते घरी गेले की यजमान चित्र पुन्हा ताणून ठेवायचे. गल्लीत सगळीकडे हेच चालायचं. लोक त्यांना हसायचे... मीही हसले आहे.

साबेराभाभींना कॅमेऱ्याचं वावडं होतं. फोटो म्हटलं की पदर तोंडावर. मतदार कार्डावरचा फोटो इतका काळा, की तो कुणाचाही असू शकला असता. त्या दिसायच्या फक्त नसीमच्या, त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. पाठवणीच्या वेळी नसीम खुर्चीवर बसलेली आणि भाभी तिच्या पायाशी जमिनीवर, पैंजणाची कडी लावत. कॅमेरा नसीमवर होता, भाभी चित्राच्या अगदी तळाला. कडी लावून झाल्यावर त्यांनी मान वर करून लेकीकडे बघितलं. दोन-चार क्षणच. भाभी आजारपणात गेल्या, त्यानंतर यासीनभाई तेवढाच तुकडा लावून बसायचे, व्हीसीआर बिघडेपर्यंत.

ती कॅसेट इरफानने लातूरच्या एका दुकानात पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. अब्बांना खूश करायचं म्हणून त्यांना काही सांगितलं नाही. दुकानदाराला मात्र बजावलं, की टीव्ही पूर्ण भरून दिसला पाहिजे. ईदच्या दुसऱ्या दिवशी नसीम देगलूरहून आली, मलाही बोलावलं. चित्र खरंच टीव्हीभर होतं. पाठवणी आली. नसीम मान झुकवून खाली कुणाकडे तरी बघत होती, आणि तिच्या गुडघ्यापाशीच टीव्हीची कड आली. यासीनभाई उठून उभे राहिले.

"मागं घे."

इरफानने मागं घेतलं. पुन्हा तेच.

"इरफान, तुझी अम्मी कुठाय रे?"

इरफान घाबरून रिमोटवरची एकेक बटणं दाबू लागला. यासीनभाईंना मात्र पहिल्याच वेळी कळलं असणार. जन्मभर तेच काम केलेला माणूस. ते हळूच म्हणाले, "नको दाबू बेटा. त्यात न्हाईच हाय ती."

दुसऱ्या दिवशी यासीनभाई, इरफान आणि मी असे तिघं लातूरला गेलो. दुकानदार भला माणूस होता. त्याने सांगितलं, कॅसेटला बुरशी होती, उतरवतानाच फीत तुटली, टाकून दिली. कॉम्प्युटरवरचं न कापलेलं चित्रही पुसलेलं. "काका, रुंद टीव्ही भरायला चित्र कापावंच लागतं. वरून कापलं असतं तर डोकी गेली असती. म्हणून सगळं खालून कापलं. खाली तर जमीनच होती." यासीनभाईंनी मान डोलावली. "बरोबर हाय. डोकं कापू न्हाई."

परतीच्या बसमध्ये, औसा मागं पडल्यावर, त्यांनी मला विचारलं, "बाई, तिचा चेहरा आठवतो का तुम्हाला? मला आता नुसता आवाज येतो."

मी हो म्हणाले.

"मग सांगा की."

मी नाकातली चमकी सांगितली, हनुवटीवरचा तीळ सांगितला. "तीळ?" ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. तीळ होता का, याची मलाच खात्री नव्हती. आजही नाही.

त्यांनी इरफानला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं इरफान म्हणतो. आमच्याकडे चहाला यायचे, समोर चपटी माणसं नाचत असायची, पण ते काही म्हणायचे नाहीत. एकदा मीच रिमोट पुढे केला. "असू द्या बाई," म्हणाले आणि बशीत चहा ओतला. त्यानंतर त्यांचं येणंही कमी झालं.

परवा त्यांच्या खोलीत गेले. चाळिसाव्या दिवशी पाहुणे येणार म्हणून घराला रंग देणं चाललंय, रंगारी पलीकडची भिंत खरवडत होता. टीव्हीच्या बरोबर खाली, चुन्यावर, वीतभर काळसर डाग दिसला. मला वाटलं ओल आली असेल.

"अब्बांचा हात आहे तो," इरफान म्हणाला. "मी कामावर गेलो की ती पाठवणी लावायचे. अम्मी खाली जिथं बसलेली असती, तिथं भिंतीवर हात ठेवून बघायचे. नसीम राहायला आली होती तेव्हा तिनं बघितलं, मला आत्ता आत्ता सांगितलं." मग रंगाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याने विचारलं, "बाई, तेवढी जागा सोडायला सांगू का?"

मी वाकून जवळून बघितलं. बोटंसुद्धा वेगळी ओळखू येत नव्हती. नुसता मळका डाग होता, आणि इरफान उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत होता...