चार नंबरची बशी

बारावीच्या वर्गात अलंकार शिकवत होतो, तेवढ्यात शिपायाने दारातून खूण केली. नांदेडच्या दवाखान्यात सकाळीच खिल्लारे वारला होता... तास तसाच सोडून मी त्याच्या प्रयोगशाळेत गेलो. का गेलो, ते आज महिन्याने तरी कुठे सांगता येतंय?

सुधाकर खिल्लारे वसमतच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचा, मी मराठी. तरी आठवड्यातून एकदा तो मला धरून न्यायचा. काचेच्या बशीत आगर नावाची जेली, तिच्यावर जंतू पसरलेले, मधल्या खळग्यात औषध. औषधात दम असला की दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती स्वच्छ कडं दिसतं. तिथे जंतू वाढलेले नसतात. ते कडं मी पट्टीने मोजायचं. बशीवर फक्त नंबर, औषध कोणतं हे गुपित.

"काहून रे, तुझ्या पोरायला पट्टी धरता येत न्हाई का?" मी वैतागायचो.

"पोरायला मार्क पायजेत. तुला कायबी नको, म्हणून तुझं मोजमाप खरं."

कुरुंद्याला माझा थोरला भाऊ हळद पिकवतो. आमच्या आईचा हळदीचा लेप गावात नावाजलेला. दादाला तो डब्यांत भरून विकायचा होता आणि डबीवर 'जंतुनाशक' छापायचं होतं. मीच लेप खिल्लारेकडे तपासायला दिला. आठवड्याने नेहमीसारखं बोलावणं आलं. मी भराभर आकडे सांगत सुटलो. चार नंबरची बशी बघून म्हणालो, "शून्य. कोणी केलंय हे भिकार औषध?"

त्याने वहीत माझी सही घेतली. मग म्हणाला, "तुझ्या आईनं."

मी बशी हिसकावून उजेडात धरली, तर चांगलं रुंद पिवळं कडं!

"हे काय मग?"

"हळदीचा रंग हाय तो. त्याच्याखाली जंतू मजेत हायेत, भिंगातून बघ. मघाशी तुला बराबर दिसलं. आता तुला पायजे, म्हणून कडं दिसून राहिलं."

भिंगातून पाहिलं. होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण तो खरं बोलत होता. आगरात हळद नीट पसरत नाही, म्हणून त्याने आपण होऊन नळ्यांमध्ये पुन्हा सगळं करून पाहिलं. तिथेही जंतू तगले. दादा कॉलेजात येऊन त्याला नाही नाही ते बोलून गेला. मी दोन महिने अबोला धरला, याची आज लाज वाटते. डबीवर शेवटी नुसतं 'हळदीचा लेप' एवढंच छापलं.

पुढच्या हंगामात हळद काढताना दादाच्या पायावर कुदळ बसली. दोन दिवसांत पाय टम्म सुजला. आई लेपाची वाटी घेऊन आली.

"नको माय," दादा म्हणाला, "खिल्लारे सर न्हाई म्हणलेत." आणि तडक नांदेडला गेला. आणखी उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. मी हे खिल्लारेला सांगितलं, तर त्याने फक्त विचारलं, "औषध कोणतं दिलं?"

मागच्या आठवड्यात दादा कॉलेजात आला. सरांची खोली बघायची म्हणाला. कुलूप काढलं. टेबलावर बशा धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. मी स्टूल पुढे सरकवलं.

"राहू दे," दादा म्हणाला. "या माणसानं पाय वाचवला माझा. जरा उभा राहतो."