काकी सुधारली त्याचे पेढे

पापड उचलायचा, खिडकीकडे धरायचा, डावा डोळा मिटून आरपार बघायचं आणि विचारायचं, "हा पापड हाय का वडखळचा नाका? तीन बाजूंना तीन वाटा गेल्यात." तोवर लाटणारी अर्धी मेलेली असायची.

पेणला आमच्या आळीत पोह्याच्या पापडांचं काम चालायचं. आम्ही आठ-दहा बायका काकीच्या पडवीत लाटायला बसायचो आणि काकी तपासायची. पास झालेला पापड तिच्या उजव्या हाताच्या चळतीत, नापास डाव्या टोपलीत. नवरा लवकर गेलेला, मुलगी रोह्याला दिलेली, घरात ती एकटी. खवचट बायका तुम्हीही पाहिल्या असतील. पण त्या आमच्या काकीपुढे नुसत्या पाणी भरतील.

पीठ मळणारी खाडीकडची होती. एकदा मीठ जरा जास्त पडलं तर काकी म्हणाली, "मिठागराला सुट्टी हाय काय गो? सगळं इकडंच आणलंस." गडब गावच्या एकीला म्हणाली, "लावणीची घाई शेतात कर, पोळपाटावर नको." माझ्या पापडाला कोपरे यायचे. "पत्ता लिही आणि टपालात टाक, पोचेल," असं मला सगळ्यांदेखत ऐकवलं होतं. मी घरी जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी गोल पापड लाटला.

एकदा वापरलेला टोमणा ती पुन्हा वापरत नसे. "शिळं वाढत नाय मी," म्हणायची. त्याचा तिला भारी तोरा होता.

मुलगी दर दिवाळीला येऊन तेच विचारायची. "आई, एकटी किती दिवस राहशील? रोह्याला चल."

"तुझ्या रोह्याला काय हाय? नदी. ती बघून संध्याकाळच्या गाडीनं मी परत येईन. माझं तोंड चालतंय तोवर मला या पडवीतनं कोणी हलवायचं नाय."

मग एका सकाळी तिने तीन वेळा वडखळच काढला. आम्ही पदराआड हसलो. काकीचा माल संपला, असं कुणीतरी म्हणालं. पुढे पुढे बोलताना ती अडायला लागली. पापड खिडकीकडे धरलेला आणि शब्द येत नाही. "हा पापड हाय का... ते... तिकडचं... गाड्या वळतात ते."

"वडखळ, काकी," मी सांगितलं.

"तेच ते," ती म्हणाली आणि पापड उजवीकडे ठेवला. जन्मभर त्या रस्त्याने आलेली-गेलेली बाई. मला तेव्हा काय वाटलं सांगू? माझा पापड पास झाला, एवढंच.

नावं गेली, आम्ही सगळ्या 'ही' आणि 'ती' झालो. टोमणे गेले. एकच शब्द उरला, "चालेल." वाकडा पापड, चालेल. जाडा पापड, चालेल. आम्ही म्हटलं, बाई वयाने निवळली, देवाने ऐकलं. एका गुरुवारी मी पेढे आणले आणि काकी सुधारली म्हणून पडवीत वाटले. तिलाही एक दिला. तिने तो खाल्ला.

त्या दिवाळीला मुलीने सवयीने विचारलं, "आई, रोह्याला येतेस?"

"चालेल," काकी म्हणाली.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हा शहाण्यांच्याही आलं. तिची पिशवी मीच गाडीत ठेवली, पडवीला कुलूपही मीच लावलं.

दोन महिन्यांनी भेटायला गेले, तर मुलगी तिला डॉक्टरांकडे घेऊन निघाली होती. काकी घरातल्या घरात वाट चुकत होती म्हणे. मीही गेले. डॉक्टरांनी सगळं तपासून मेंदूचा आजार सांगितला, हळूहळू वाढत जाणारा. "यात कधी कधी बोलणं आधी बिघडतं," ते म्हणाले. "शब्द सापडत नाहीत, तेच ते बोललं जातं, नावाच्या जागी 'ते' नि 'हे' येतं. रोजच्या माणसांना ते ऐकू येतं. तुम्हाला नाही आलं?"

"आलं," मी म्हणाले. "आम्ही पेढे वाटले."

त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "आजार बरा झाला नसता. पण तेव्हा आणलं असतं तर पुढे कुठे, कसं राहायचं हे त्यांचं त्यांना सांगता आलं असतं." मुलगी माझ्याकडे बघेना आणि मी तिच्याकडे. दर रविवारी फोनवर "बरं हाय" ऐकून ती खूश, आणि रोज समोर बसून मी खूश. आम्हा दोघींना कोणत्या टोपलीत टाकायचं ते काकीने एका वाक्यात सांगितलं असतं.

पेणहून येताना मी एक पापड करून आणला होता. मुद्दाम चार कोपऱ्यांचा. मुलीच्या घरी परत आल्यावर तो काकीच्या हातात दिला. तिने उचलला, खिडकीकडे धरला, डावा डोळा मिटला. काकी, एकदा बोल गो. मला, माझ्या आईला, काय वाटेल ते बोल.

"चालेल," ती म्हणाली, आणि पापड उजवीकडे ठेवला. तिथे चळत नव्हती, मुलीची उशी होती.