प्रफुल्लचे मेलेले कॅलॅडियम

"बाई, सारंच मरून गेलं जी. हे फेकून देतो. तुमची झाडं लावा," रिसॉर्टचे मॅनेजर गेडामभाऊ म्हणाले.

पोर्चमध्ये कुंड्यांची रांग होती आणि कुंड्यांत नुसता चिखल. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हे कॅलॅडियम प्रफुल्लचे होते. आम्ही एकाच वर्गात कृषी डिप्लोमा केला. त्याची नर्सरी चंद्रपुरात, माझी सिंदेवाहीत. या रिसॉर्टच्या बागेचा मेंटेनन्स आधी माझ्याकडे होता. त्याने ही लाल-गुलाबी पानं आणून दाखवली आणि माझ्या क्रोटनकडे कोणी ढुंकून बघेना. तेव्हापासून त्याच्या नर्सरीवरून बस जाते, तेव्हा मी खिडकीकडे पाठ करून बसते.

कॅलॅडियम म्हणजे आपल्या धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, भाऊबंदांपैकी, फक्त शोभेचं. खायला गेलात तर घसा धरेल. मातीत कंद असतो. थंडीत पानं झडतात आणि कंद झोपतो. आम्ही त्याला डॉर्मन्सी म्हणतो. उन्हाळा सरताना तो पुन्हा फुटतो. झोपेत पाणी पाजलं तर मात्र सडतो.

"पाणी किती घालता?"

"सकाळ-संध्याकाळ. प्रफुल्लभाऊनंच सांगतलं, पानं गळून राह्यली तं पाणी वाढवा."

म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं! हैदराबादहून रोपं घेऊन येणाऱ्या गाडीतून नुसता रंग बघून उतरवून घेतले असणार. आणि अशा माणसाने माझं काम नेलं होतं.

मी मातीत बोट खुपसलं. कंद अजून कडक होता. जिभेवर आलं होतं, फेका म्हणून. काम परत माझंच झालं असतं. पण उकिरड्यावर पावसाळ्यात लाल पान उगवलं असतं, तर गेडामभाऊंनी मलाच धरलं असतं.

"मेले नाहीत," मी दात आवळून म्हणाले. "पाणी बंद करा. कुंड्या शेडमध्ये कोरड्या ठेवा. मे संपताना हळूहळू पाणी सुरू करा."

"मंग फेकाचे नाई?"

"नाही."

जूनमध्ये त्यांनी फोटो पाठवला. पोर्च लालेलाल. खाली मेसेज होता, "प्रफुल्लभाऊची झाडं लय दमदार जी. मेलेली उठली. पुढच्या सालचंबी काम त्यायलेच देलं."

माझं त्या दिवशी जेवणावरून मन उडालं. सल्ला विचारणाऱ्यांना आता सांगते: दुसऱ्याचं झाड जरूर वाचवा, पण आधी कुंड्या आपल्या नर्सरीत उचलून आणा.