मागच्या सीटवरचं वजन

माझे भावोजी लिफ्ट दुरुस्त करायचे. ‘आयुष्यभर वर-खाली केलंत, पण पुढे कुठे गेलात?’ असं मी त्यांना एकदा चिडवलं होतं. ते हसले नाहीत. ‘‘खरं आहे,’’ म्हणाले आणि ग्रीसनं काळी झालेली नखं घासत राहिले. या माणसाची चेष्टा करण्यात कधी मजा आली नाही, कारण तो प्रत्येक चेष्टा मुकाट्यानं मान्य करून टाकायचा.

पुढे जायचं त्यांच्या मनात नव्हतं असं नाही. लांब पल्ल्याची एक दणकट मोटरसायकल घ्यायची, मागे ताईला बसवायचं आणि समुद्राच्या कडेकडेनं जाऊन डोंगराकडून परत यायचं, हे ते लग्नापासून सांगत आले होते. इतक्या वेळा सांगितलं होतं की कुठल्या वळणावर दोघं चहाला थांबणार हे मलाही पाठ झालं होतं. पण मुलगी मोठी होऊन सासरी गेली तरी लिफ्ट कुठेतरी अडकायचीच, आणि ती नेमकी लोक जेवायला बसले की अडकते. शिवाय मागच्या खोलीत त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं ताई करायची. म्हातारी कॉटच्या दांडीवर चमचा वाजवायची आणि ताई हातातलं टाकून धावायची. वर्षानुवर्षं त्या चमच्यानं माझ्या बहिणीला एक पेपर सलग वाचू दिला नाही.

शेवटी म्हातारी गेली, आणि पाठोपाठ भावोजी निवृत्त झाले. त्या दिवशी कामावरून मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ टेबलावर ठेवून ते म्हणाले, ‘‘आता निघायचं.’’ ताई कपड्यांच्या घड्या घालत राहिली. ती मुळातच कमी बोलते, म्हणून मीही मनावर घेतलं नाही.

घरी बसलेला लिफ्टवाला म्हणजे काय प्रकार असतो, ते मी पुढचे काही आठवडे पाहिलं. त्यांनी दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. न गळणारे नळ उघडून पाहिले. ताई स्वयंपाकघरात गेली की हे स्वयंपाकघरात, ती गॅलरीत गेली की हे गॅलरीत. ‘‘हा डबा वर का ठेवतेस? खाली ठेव, हाताशी येईल.’’ ताई डबा खाली ठेवायची. रविवारी मी दुकान बंद करून त्यांच्याकडे गेलो की ती मला दारातच म्हणायची, ‘‘जा रे यांच्याबरोबर, ती गाडी बघून या. सावकाश या.’’

म्हणून माझे सगळे रविवार त्या गाडीपायी गेले.

गाडी एक नव्हती, दोन होत्या, हीच तर पीडा होती. गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एकजण वापरलेल्या मोठ्या मोटरसायकली विकायचा. घोरणाऱ्या माणसासारखा श्वास घ्यायचा आणि गिऱ्हाईक दिसलं की आधी खुर्ची पुसायचा. त्याच्याकडे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या होत्या. एक जुन्या बनावटीची, दुसरी कंपनीनं त्या मॉडेलमध्ये सुधारणा केल्यानंतरची.

जुनी उंच होती. तिला कार्ब्युरेटर, साधी वायरिंग आणि बटण बंद पडलं तर किक. रस्त्यात बिघडली तर भावोजी ती पाना आणि पक्कड घेऊन झाडाखाली खोलू शकले असते. उंच असल्यामुळे त्यांचा दुखरा गुडघाही फारसा मुडपत नव्हता. तिच्यावर बसले की ते दहा वर्षांनी लहान दिसायचे, आणि हे मी कौतुकानं म्हणत नाही, मला ते जरा विचित्रच वाटायचं. पण मागची सीट म्हणजे नुसती फळी.

नवी बुटकी आणि रुंद. ब्रेक एकदम दाबला तरी चाक घसरत नाही, सकाळी चोक ओढायची कटकट नाही, आणि मागे गुबगुबीत सीट, तिला पाठ टेकायला उशी. फक्त तिच्यावर भावोजींचा गुडघा घडीच्या खुर्चीसारखा दुमडायचा. आणि एकदा का तिचा पिवळा दिवा लागला की कॉम्प्युटर जोडल्याशिवाय काय झालंय ते कोणाच्या बापाला कळत नाही.

‘‘जुनं ते सोनं,’’ विकणारा जुन्या गाडीजवळ उभा राहून म्हणायचा. नव्या गाडीजवळ गेला की म्हणायचा, ‘‘साहेब, जमाना बदलला.’’ त्याला काय, कुठली का होईना, एक गेली म्हणजे झालं.

भावोजींनी हे घोंगडं इतकं भिजत ठेवलं की विकणारा आम्हाला पाहून खुर्ची पुसेनासा झाला. मग एका रविवारी त्यांनी कहर केला. लिफ्ट लोकांसाठी सुरू करण्याआधी तिच्यात ओतीव लोखंडाची वजनं ठेवून ती वर-खाली करून बघतात. माणूस चढण्याआधी वजन चढलं पाहिजे, हा त्यांच्या धंद्यातला धर्म. जुन्या सहकाऱ्याकडून भावोजींनी ती वजनं मागून आणली, पोत्यात भरली आणि नव्या गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्यांनी करकचून बांधली.

‘‘हे काय?’’ मी विचारलं.

‘‘तुझी ताई.’’

‘‘वजन विचारलंत तिला?’’

‘‘छे रे. अंदाजानं धरलं.’’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘थोडं कमीच धरलंय. तिला सांगू नकोस.’’

ते पोतं मागे घेऊन त्यांनी चकरा मारल्या. चढावर, खडबडीत रस्त्यावर, गतिरोधकांवर. पुढच्या रविवारी तेच पोतं जुन्या गाडीवर. परत आले की उतरून पोत्याच्या गाठी तपासायचे. पोतं किती सरकलं, कुठे घासलं, हे वाकून पाहायचे. विकणारा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘‘डोक्यावर परिणाम झालाय का साहेबांच्या?’’

‘‘मला काय विचारता? बहिणीला विचारा.’’

खरं तर तेव्हाच मी भावोजींना विचारलं होतं, की ताईलाच एकदा बसवा ना, हे लोखंड कशाला? ते म्हणाले, ‘‘तिला उगाच त्रास कशाला? आधी माझी खात्री होऊ दे.’’ ते अगदी मनापासून बोलत होते. तेव्हा मला ती काळजी वाटली. ती काळजी होतीच, पण लोखंडाला आपण काय हवं ते विचारत नाही.

शेवटी त्यांची खात्री झाली. नवी घ्यायची. ‘‘गुडघ्याचं काय?’’ मी विचारलं. ‘‘दुखेल थोडा. मधे मधे थांबत जाऊ. तिची पाठ महत्त्वाची.’’

त्या रविवारी ताई आमच्याबरोबर आली. येताना बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. थकलेली दिसत होती, पण ती नेहमीच तशी दिसायची, आणि नेहमीचं असलं की माणसाला दिसत नाही. भावोजींनी तिला नव्या गाडीवर बसवलं, हेल्मेटची पट्टी स्वतः लावली, पाऊल कुठे ठेवायचं ते वाकून दाखवलं. दोघं एक लांब फेरी मारून आली. भावोजी उतरले ते लंगडत, पण चेहरा लग्नातल्या फोटोसारखा.

‘‘कसं वाटलं?’’

‘‘छान आहे,’’ ताई म्हणाली आणि शेडमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली.

‘‘मग हीच घेऊ.’’ ते विकणाऱ्याकडे वळले.

‘‘अहो, ती जुनी घ्या.’’

‘‘अगं, तिची मागची सीट बघितलीस का? तासाभरात तुझी कंबर धरेल.’’

‘‘मला मागची सीट नकोय,’’ ताई म्हणाली. ‘‘तुम्ही जा.’’

विकणारा शहाणा निघाला, चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर गेला. मी गेलो नाही. मला राग आला होता. इतके रविवार मी त्या लोखंडाबरोबर घालवले होते.

‘‘एकटा?’’ भावोजी म्हणाले. ‘‘आपण दोघांनी जायचं ठरलं होतं.’’

‘‘तुम्ही ठरवलं होतं. मीही हो म्हणत होते, खोटं नाही बोलत. तेव्हा जायचं होतं मला.’’ ती हळू बोलत होती, जणू प्रत्येक शब्द जड वजनासारखा उचलून ठेवत होती. ‘‘आता मला कुठे जायचं नाही. मला घरी राहायचंय. एकटीला. लग्न झाल्यापासून त्या घरात मी एक दिवस एकटी राहिले नाही. आधी मुलगी, मग आई. आई गेल्या, वाटलं आता थोडं... तर तुम्ही घरी आलात.’’

‘‘मी त्रास देतो का तुला?’’

‘‘नाही हो. चमचा वाजवत नाही तुम्ही. पण मी धावतेच आहे.’’

भावोजी त्या बुटक्या गाडीला टेकून उभे राहिले. त्यांना लागलं होतं, ते कोणालाही दिसलं असतं. लिफ्टच्या खोल, उभ्या पोकळीत दोरावर लोंबकळताना न घाबरलेला माणूस मागच्या सीटच्या उशीवरून हात फिरवत होता. मी ताईला काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘बरं. जुनी घेऊ.’’ भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

जी गाडी मनातून हवी होती ती मिळाली, तर माणूस खूश व्हायला पाहिजे. ते सोमवारी पहाटे निघाले तेव्हा मी निरोप द्यायला गेलो होतो. त्यांनी सामान बांधलं, दोनदा नाही तर चारदा तपासलं. ताईनं गॅलरीतून हात केला. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत ती उभी होती, मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

नंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी मी फळं आणि पाव घेऊन तिच्याकडे गेलो. एकटी आहे, जेवते की नाही कोण जाणे, असं वाटलं. बेल दाबली. बऱ्याच वेळानं दार उघडलं, तेही अर्धंच. केस सुटलेले, गालावर उशीचे वळ.

‘‘झोपले होते,’’ ती म्हणाली. पिशवी घेतली. ‘‘सगळं ठीक आहे रे. तू जा आता.’’

आत ये म्हणाली नाही. सख्ख्या भावाला! मी पुटपुटत जिना उतरलो.

संध्याकाळी दुकानात भावोजींचा फोन आला. समुद्राचा रस्ता संपला होता, ते एका लहानशा लॉजवर होते.

‘‘तिला फोन नाही केला मी. उगाच उठावं लागेल तिला. तू गेला होतास का? कशी आहे?’’

‘‘झोपली होती. दुपारची.’’

‘‘दुपारची?’’ ते म्हणाले. ‘‘दुपारी कधी झोपली नाही रे ती.’’

‘‘तुमचं काय? मजा येतेय ना?’’

‘‘गाडी छान चालते.’’ मग म्हणाले, ‘‘पण दमलो. कुठे थांबलं की वळून काहीतरी सांगावंसं वाटतं. जेवण जात नाही. इथला पलंग मधे खोल आहे, पाठ धरलीय.’’

‘‘मग परत या ना. सरळ रस्त्यानं उद्या घरी पोहोचाल.’’

‘‘हो, उद्या दुपारपर्यंत पोहोचेन,’’ ते म्हणाले. त्यांनी तो हिशोब आधीच केला होता हे आवाजावरून कळलं. ‘‘पण झोपू दे तिला. मी डोंगराकडून येतो. तिकडून लांब पडतं.’’